उलटी कावड

श्रावणबाळाची गोष्ट आपण अक्षरओळख होण्यापूर्वीच ऐकलेली असते. आंधळ्या मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेणारा तो मुलगा आपल्या मनात इतका घट्ट बसला आहे की, म्हातारपण म्हटले की मुलाचा खांदा, असे आपण गृहीतच धरून चालतो. महाराष्ट्र शासनाने निराधार वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढली तेव्हा तिलाही श्रावणबाळाचेच नाव दिले. परंतु आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात डोळे उघडे ठेवून हिंडले तर कुठल्या ना कुठल्या घरी ही कावड उलटी झालेली दिसते. खांदा सत्तरीच्या आईचा असतो आणि कावडीत बसलेला असतो तो चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा मुलगा, क्वचित मुलगी. प्रस्तुत लेखाचा विषय ही आई आहे.

या आईविषयी आपण फारसे बोलत नाही. आपल्या साहित्याने आईची थोरवी पुष्कळ गायिली. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने तर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या रडविल्या. पण ती आई आहे लहान मुलाची. दुसऱ्या बाजूला कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले आणि मुलांनी दूर लोटलेल्या म्हाताऱ्यांचे दुःख घराघरात पोहोचले. लहान मुलाला घडविणारी आई आणि मोठ्या मुलाने टाकलेला बाप या दोन चित्रांच्या मधली जागा मात्र रिकामीच राहिली. मुलगा मोठा झाला, पण उभा राहू शकला नाही. त्याने आईला टाकले नाही आणि सांभाळलेही नाही. उलट आईच त्याला शेवटपर्यंत सांभाळीत राहिली, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असूनही आपण ते पाहत नाही. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतोच. पण तो माझ्या घरातलाही आहे, हे पुढे येईलच.

अशी मुले कोणती? ढोबळ मानाने तीन प्रकार करता येतील. पहिला प्रकार दीर्घकाळच्या मनोविकाराचा. दुसरा दारूच्या किंवा अन्य व्यसनाचा. तिसऱ्या प्रकारात आजार असा काही नसतो. शिक्षण अर्धवट सुटलेले, नागपूर-पुण्याची नोकरी गेलेली, लग्न मोडलेले, धंद्यात बुडालेले मूल घरी परत येते आणि मग घरीच राहते. सासरहून परत पाठविलेली मुलगीही यातच येते. प्रत्यक्षात हे प्रकार इतके वेगळे राहत नाहीत. नोकरी सुटलेला मुलगा दारूकडे वळतो, दारूच्या आड मनाचा आजार लपलेला असतो आणि गावाला मात्र दिसते ते फक्त ‘आईच्या जिवावर बसून खाणे’.

प्रमाणाची थोडी कल्पना असावी म्हणून एक आकडा देते. बंगलोरच्या ‘निमहान्स’ या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु आपले शेजारी मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. या सर्वेक्षणाप्रमाणे प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या काळात कोणता ना कोणता मनोविकार होता आणि तीव्र स्वरूपाच्या मनोविकारांचे प्रमाण ०.८ टक्के होते. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेप्रमाणे १२,००,३३४ आहे. त्यात आठ लाखांच्या आसपास प्रौढ धरले आणि हेच प्रमाण लावले, तर केवळ तीव्र मनोविकाराचे सहा हजारांहून अधिक लोक जिल्ह्यात असावेत. हा केवळ अंदाजाचा हिशेब झाला. पण सहा हजार म्हणजे एखाद्या मोठ्या गावाची वस्ती होते. याच सर्वेक्षणात असेही आढळले की, तीव्र मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. दारूच्या व्यसनाबाबत तर हे प्रमाण ८६ टक्क्यांच्या घरात जाते. मग या माणसांना सांभाळते कोण? घर सांभाळते. आणि घर म्हणजे बहुतेक वेळा आई.

येथे एक साधे गणित ध्यानात घेण्याजोगे आहे. छिन्नमनस्कतेसारखा, म्हणजे ज्याला इंग्रजीत स्किझोफ्रेनिया म्हणतात तसा आजार, बहुधा अठरा ते तीस या वयात डोके वर काढतो. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा थोडा आधी येतो. मुलगा नेमका कमावता होण्याच्या वयात आजारी पडतो, तेव्हा आई पंचेचाळिशीच्या आसपास असते. आजार जीव घेत नाही, पण पिच्छाही सोडत नाही. पंचवीस वर्षे उलटतात. मुलगा सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि आई सत्तरी ओलांडते. म्हणजे म्हातारी आई आणि प्रौढ मुलगा ही जोडी योगायोगाची नाही. आजाराच्या स्वभावातच ती ठरलेली आहे. ज्या वयात कावड खांद्यावर घ्यायची त्याच वयात मुलगा तीत बसतो, आणि मग ती खाली ठेवायला जागा सापडत नाही.

बरे, आईच का? याचे उत्तर भावनेत शोधण्यापूर्वी घराच्या रचनेत शोधावे असे मला वाटते. आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा वयाने मोठा असतो आणि बहुधा आधी जातो. आजारी मुलाचे लग्न ‘लग्न झाले की ठीक होईल’ या आशेने लावून दिलेले असते. ते टिकत नाही, सून लेकरे घेऊन माहेरी जाते. यात तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिची फसवणूकच झालेली असते. भाऊ वेगळे निघतात, त्यांची स्वतःची पोटे असतात. बहिणी सासरी असतात. एकेक जण घरातून वजा होत जातो आणि शेवटी उरते ती आई. बायको माहेरी जाऊ शकते, भाऊ वेगळा निघू शकतो. आईला जायला जागाच नसते. ‘पोटचा हाये, टाकून देऊ का?’ असे ती म्हणते तेव्हा त्यात माया असते हे खरेच. पण दुसरे कोणी नसल्याची जाणीवही त्यातच असते.

आता या आईच्या कमाईची साधने पाहा. आपला जिल्हा धानाचा. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. चिखलात वाकून परे रोवण्याचे काम सत्तरीत होत नाही. पूर्व विदर्भात घरी बसून करण्याजोगा जुना धंदा म्हणजे बिड्या वळणे. ठेकेदाराकडून तेंदूपत्ता आणि तंबाखू आणायचा, पाने भिजवून कापायची, वळायची, जुड्या बांधायच्या. मजुरी हजारी हिशेबाने मिळते. नजर अधू झाली, बोटे आखडली की दिवसाला हजार बिड्या वळणारी बाई चारशेवर येते आणि मजुरीही त्याच मानाने घटते. बिडी कामगारांसाठी १९६६ आणि १९७६ साली कायदे झाले, कल्याण निधी झाला. परंतु ज्यांच्या नावाचे कार्डच कधी निघाले नाही त्या बायकांना त्याचा उपयोग नाही.

हे सारे मी केवळ पुस्तकांतून लिहीत नाही. माझी आजी मोहाडी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. वय चौऱ्याहत्तर. तिच्याजवळ माझे धाकटे काका असतात, वय सत्तेचाळीस. काका आयटीआय करून नागपूरला एका कारखान्यात लागले होते. बाविसाव्या वर्षी ते एके दिवशी न कळविता गावी आले आणि दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून बसू लागले. रेडिओवर आपल्याचविषयी बोलतात, असे ते म्हणत. पहिली चार वर्षे उतारे, अंगारे आणि मांत्रिक यांत गेली. त्यात आजीची एक गाय आणि आजोबांची अर्धा एकर बांधी गेली. त्यानंतर कोणीतरी नागपूरच्या मनोरुग्णालयाचे नाव सुचविले. १८६४ साली सुरू झालेले हे रुग्णालय राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी ही उरलेली तीन. तेथे काकांच्या आजाराला प्रथम नाव मिळाले आणि औषध सुरू झाले. महिन्याभरात त्यांना झोप लागू लागली. आजी सांगते की, त्या रात्री तिलाही चार वर्षांनी झोप लागली.

तेव्हापासून आजीचा दिवस काकांच्या गोळीने सुरू होतो. गोळी गिळली की नाही हे ती तोंड उघडायला लावून पाहते. महिन्यातून एकदा दोघे एसटीने नागपूरला जातात. काका मोठ्याने बोलू लागले की शेजारचे प्रवासी जागा बदलतात; आजी खिडकीबाहेर पाहत राहते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट झाले तेव्हा तिला झालेला आनंद मी पाहिला आहे. पंचाहत्तरी पूर्ण झाली की तिचा प्रवास फुकट होईल, हे तिला पाठ आहे. गावात काकांना एक नाव पडले आहे, ते मी येथे लिहिणार नाही. आजीला मात्र प्रत्येक जण एकच गोष्ट ऐकवतो: ‘तूच लाडावून ठेवला.’

या एका वाक्याचा विचार करणे आवश्यक आहे, कारण ते फक्त अडाणी लोकच बोलतात असे नाही. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी छिन्नमनस्कतेचे खापर आईच्या वागण्यावर फोडणारी संज्ञा रूढ केली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे पाश्चात्त्य देशांतील कित्येक मातांनी हा आरोप डॉक्टरांच्या तोंडून ऐकला. पुढील संशोधनात त्याला आधार मिळाला नाही. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक घडामोडी, गर्भावस्थेतील व बालपणातील काही घटना, ताण, नशा अशी अनेक कारणे एकत्र येऊन हा आजार होतो, असे आज मानले जाते. आईने लाड केले म्हणून तो होत नाही आणि मारले असते म्हणून टळला नसता. हे शास्त्राने केव्हाच मान्य केले. आपल्या ओट्यांवर आणि पारांवर मात्र तो जुना खटला अजून चालूच आहे.

परंतु घरातील वागणुकीचा आजाराच्या पुढील वाटचालीशी संबंध असतो, हे मात्र खरे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परत गेलेल्यांचा आजार अधिक वेळा उलटतो, असे त्याला आढळले. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले की, सतत टीका, वैरभाव आणि रुग्णाच्या आयुष्यात नको इतके गुंतून जाणे, या तीन गोष्टी घरात जास्त असतील तर आजार उलटण्याचा संभव वाढतो. तिसरी गोष्ट वाचून मी थबकले. चाळिशीच्या मुलाला भरविणे, त्याचे कपडे काढून देणे, त्याला दुकानापर्यंतही एकटे न सोडणे, याला आपण माया म्हणतो. ती माया आहेच. पण त्या मायेने मुलाच्या हातून उरलेसुरले कामही जाते आणि आईच्या अंगावर ते चढते.

आपल्याला अभिमान वाटावा अशीही एक बाजू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत छिन्नमनस्कतेचा अभ्यास सुरू केला. त्यात आपले आग्रा हे एक केंद्र होते. भारत, नायजेरिया यांसारख्या देशांतील रुग्ण श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा अधिक चांगले सावरतात, असे त्यातून दिसले. त्याच्या कारणांविषयी विद्वानांत वाद झाला, तरी घराचा आधार हे कारण अनेकांनी पुढे केले. चंडीगडच्या रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. लंडनच्या मानाने येथील घरांत टीका आणि वैरभाव कमी आढळला. त्याहीपूर्वी, १९५०च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना तेथेच राहायला बोलाविले होते. नातेवाइकांना आजार समजला की अर्धे काम झाले, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या देशातले मोठे औषध घर हेच आहे. फक्त त्या औषधाला स्वतःलाही म्हातारपण येते, हे आपण विसरतो.

महाराष्ट्रात या दिशेने काही कामे झाली. कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी, पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून, पुण्यात रुग्ण व त्यांच्या कुटुंबांसाठी ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपट याच विषयावरचा. त्यात आजारी भावाला सांभाळणारी बहीण आहे. व्यसनाच्या क्षेत्रात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. त्याच्या प्रारंभाला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मोठी मदत झाली. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे: रुग्णाबरोबर घरच्यांनाही तेथे जागा आहे.

व्यसनाचा उल्लेख आला म्हणून त्याविषयी दोन शब्द. आपल्या विदर्भात वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. भंडाऱ्यात ती नाही, आणि मोहफुलाची हातभट्टी तर कोणत्याही कायद्याला जुमानत नाही. दारुड्या मुलाची आई दुहेरी कात्रीत असते. पैसे दिले नाहीत तर मार किंवा घरातल्या भांड्यांची विक्री. दिले तर व्यसनाला खतपाणी. मुलाला मदत करणे आणि त्याच्या व्यसनाला मदत करणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्याला जेवण देणे ही पहिली मदत. त्याची उधारी फेडणे, तो पिऊन पडला असता ‘ताप आला आहे’ असे मालकाला सांगणे ही दुसरी. मात्र एक इशारा सर्वांना ठाऊक असावा: अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरी कोंडून एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. हे काम डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावे.

मार खाणाऱ्या आईने काय करावे? कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ सालचा कायदा फक्त सुनांसाठी आहे असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. एका घरात राहणाऱ्या आईलाही मुलाविरुद्ध त्याखाली संरक्षण मागता येते. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या २००७ सालच्या कायद्याप्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. त्याच कायद्याप्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर मुलाला दिलेले घर वा शेत त्याने सांभाळ न केल्यास परत मिळविता येते. पण खरी अडचण कायद्याची नसते. मुलाला पोलिसांत दिले तर त्याला भाकर नेऊन देणारीही तीच असते.

मनोरुग्णांच्या बाबतीत कायद्याने बराच पल्ला गाठला आहे. १९१२ सालच्या कायद्यात या माणसांना ‘वेडा’ या शब्दानेच संबोधले जाई. १९८७ साली नवा कायदा झाला आणि २०१७ साली त्याहूनही नवा. तो २९ मे २०१८ पासून अंमलात आहे. त्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास सक्त मनाई केली. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, हे येथे विसरता कामा नये. दर्ग्यात किंवा देवळात नेण्याला माझा विरोध नाही. आजीला त्याने धीर येतो. पण गोळी बंद करून कोठेही नेऊ नये आणि बांधून तर मुळीच ठेवू नये.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो अशा प्रत्येक आईच्या ओठावर असतो: ‘माझ्यामागं याचं काय?’ शेजारच्या दोन-तीन गावांतल्या अशा मातांशी मी बोलले, तेव्हा पैशाच्या, मारहाणीच्या, लोकनिंदेच्या गोष्टी निरनिराळ्या निघाल्या. हा प्रश्न मात्र सर्वांचा एकच. कित्येकींनी त्याचे उत्तर देवावर सोडले आहे. ‘माझ्या आधी त्याला ने’ अशी प्रार्थना एखादी आई करते, तेव्हा तिची माया आटली असे समजू नये. त्या प्रार्थनेचा अर्थ एवढाच की, आपल्या माघारी कोणी नाही याची तिला खात्री पटली आहे.

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणाजवळच नाही. पण काही गोष्टी आई हयात असतानाच करून ठेवता येतात. पहिली म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र. २०१६ सालच्या कायद्याने मनोविकाराचा समावेश २१ प्रकारच्या अपंगत्वांत केला आहे, आणि ४० टक्के वा त्याहून अधिक प्रमाण ठरल्यास सवलती मिळतात. दुसरी, संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० साली सुरू झालेल्या या योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना दरमहा अनुदान मिळते. २०२३ साली ते १५०० रुपये झाले. आईसाठी श्रावणबाळ योजना आहेच. तिसरी, वारसा. आजारामुळे मुलाचा वाटा जातो, अशी दमदाटी भाऊबंद करतात. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की, रोग किंवा व्यंग यामुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही. चौथी, २०१७च्या कायद्याप्रमाणे रुग्णाला, तो बरा असताना, आपला प्रतिनिधी लेखी नेमून ठेवता येतो; आईच्या पश्चात दवाखान्यात सही कोणाची चालेल, हा घोळ त्यामुळे टळतो. या कागदपत्रांसाठी वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना आणि अपंगांना विनामूल्य मदत मिळते. उपचारासाठी दर वेळी नागपूर गाठणे होत नसेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाविषयी जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. रोजची गोळी घेण्यास कुरकुर करणाऱ्यांसाठी दोन-चार आठवड्यांतून एकदा घेण्याची इंजेक्शनेही असतात. आणि अडीअडचणीच्या वेळी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही शासनाची दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६.

पाचवी गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही, पण सर्वांत महत्त्वाची आहे. मुलाला जमेल तेवढे काम त्याच्याकडे परत सोपविणे. आमच्या काकांना डॉक्टरांच्या सांगण्यावरून आजीने दोन कामे दिली: विहिरीचे पाणी भरणे आणि वळलेल्या बिड्यांच्या जुड्या ठेकेदाराकडे पोहोचविणे. पहिल्या आठवड्यात दोनदा जुड्या वाटेत विसरल्या. आता विसरत नाहीत. गोळ्या ते स्वतः घेतात. आजी फक्त डबी मोजते. ज्या दिवशी ती नसेल त्या दिवसासाठी एवढी शिकवणी पुरेशी नाही, हे तिलाही कळते.

आमच्या घरातही हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. आजीच्या मागे काका कोठे राहतील? बाबा तुमसरच्या एका राईस मिलमध्ये आहेत. दोन खोल्यांचे घर आहे. ‘आपल्याकडेच आणू’ असे बाबा सहज म्हणून जातात, तेव्हा माझी आई काही बोलत नाही. कारण आणायचे बाबांनी आणि सांभाळायचे तिने, हे तिला ठाऊक आहे. आजीची कावड तिच्या खांद्यावर येईल, आणि तिच्यानंतर कदाचित माझ्या. बाईच्या खांद्यावरून बाईच्याच खांद्यावर अशी ही कावड फिरत राहते, आणि याला आपण घराण्याचे संस्कार म्हणतो. मी काकांना परके मानीत नाही. पण हे काम वाटून घेण्याचे आहे, हे आधी ठरले पाहिजे, असे माझे मत आहे. यंदाच्या दिवाळीत बाबा, आई, आत्या आणि मी आजीच्या ओसरीवर बसलो आणि प्रथमच उघडपणे बोललो. महिन्याची नागपूरची खेप बाबा आणि आत्याचे यजमान आळीपाळीने करणार, प्रमाणपत्राचे काम मी पाहणार आणि औषधांची वही आत्या ठेवणार, एवढे ठरले. काका दाराशी बसून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, ‘मले बी विचारा.’ तोवर त्यांना कोणी विचारले नव्हते.

मित्रमैत्रिणींनो आणि गुरुजनहो, हा विषय वार्षिकांकात मांडण्याचे कारण एवढेच की, आपल्यापैकी अनेकांच्या घरी, शेजारी किंवा आजोळी अशी एखादी आई असेल. तिच्यासाठी मोठे काही करायला हवे असे नाही. निराधार योजनेचा अर्ज भरून देणे, प्रमाणपत्रासाठी एक दिवस तिच्याबरोबर भंडाऱ्याला येणे, महिन्यातून एका दुपारी तिच्या मुलाशेजारी बसून तिला बाजाराला किंवा भजनाला जाऊ देणे, हे आपल्याला सहज जमेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो. त्यातला एक दिवस अशा घरांची यादी करण्यास आणि त्यांचे कागद पुरे करण्यास दिला तर प्राध्यापकांची हरकत असणार नाही, अशी आशा आहे. आणि हेही जमले नाही, तर निदान त्या मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी. तेवढ्यानेही आईच्या खांद्यावरचा भार थोडा हलका होतो, हे मी माझ्या आजीच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.